नूमी रापास: वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

नॉर्डिक, म्हणजे स्वीडन-डेन्मार्क-आइसलँडसारख्या उत्तर युरोपीय देशांच्या सिनेमाबद्दल काहीही लिहिलं, तरी त्यानंतर येणाऱ्या पत्रांत नूमी रापासचं नाव असतंच. कुणी नुकतीच ‘ड्रॅगन टॅटू’ पाहिलेली असते, कुणाला ‘प्रोमिथियस’मधली बाई कोण हे हवं असतं, कुणी मदर तेरेसांवरच्या चित्रपटाबद्दल विचारतं. तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. नूमी रापास म्हणजे नेमकी कोण? मला नाव ओळखीचं वाटतं, पण चेहरा आठवत नाही.

स्वीडिश अभिनेत्री. जन्म 28 डिसेंबर 1979, स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हूडिक्सवाल या छोट्या गावात. 2009 मध्ये आलेल्या मूळ स्वीडिश ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’मधली लिस्बेथ सालांदर ही हॅकर नायिका तिने साकारली आणि जग तिला ओळखू लागलं. त्यानंतर गाय रिची, रिडली स्कॉट, ब्रायन डी पाल्मा अशा दिग्दर्शकांकडे तिने कामं केली.

चेहरा आठवत नाही याचं कारण तिच्या कामातच आहे. ती दर चित्रपटात वेगळी दिसते, आणि हा नुसता मेकअपचा भाग नसतो. चालणं, खांदे, नजर, सगळंच बदललेलं असतं. त्यामुळे तिचे चार चित्रपट पाहूनही ती एकच बाई आहे हे लक्षात न आलेले प्रेक्षक पुष्कळ आहेत.

2. ती स्वीडिश म्हणता, पण दिसायला तशी वाटत नाही. मूळची कुठली?

आई स्वीडिश, वडील स्पॅनिश. आई नीना नूरेन स्वतः अभिनेत्री. वडील रोखेलियो दुरान हे फ्लामेंको या स्पॅनिश संगीतप्रकाराचे गायक. स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालच्या सीमेलगत असलेल्या बादाखोस शहराचं नाव त्यांनी लावलं होतं. ‘रोखेलियो दे बादाखोस’ या नावाने ते गात. आईवडील एकत्र राहिले नाहीत. नूमी आईकडे वाढली, वडिलांची भेट क्वचितच होई, आणि 2006 मध्ये ते वारले.

म्हणजे स्पॅनिश वारसा तिच्याकडे आला तो चेहऱ्यातून. घर, भाषा आणि सणवार यांतून तो आला नाही. मिश्र वंशाच्या कलावंतांबद्दल लिहिताना ‘दोन संस्कृतींचा संगम’ असं सरसकट म्हणायची पद्धत आहे. नूमीच्या बाबतीत ते खरं नाही. तिच्या वाट्याला एक संस्कृती आली, आणि दुसरीच्या जागी लहानपणापासून एक रिकामी खुर्ची होती. शिवाय तिसराच एक देश तिच्या बालपणात आहे. त्याबद्दल प्रश्न 5 पाहा.

3. तिचे वडील रोमा, म्हणजे जिप्सी होते असं वाचलं. खरं का?

ठामपणे ‘हो’ म्हणता येणार नाही. वडिलांच्या घराण्यात रोमा रक्त असावं असं तिने मुलाखतींत म्हटलं आहे, पण त्याची स्वतःला खात्री नाही हेही तिनेच सांगितलं आहे. फ्लामेंकोची परंपरा आणि स्पेनमधला रोमा समाज यांचं नातं इतकं घट्ट आहे की एखादा फ्लामेंको गायक म्हटला की लोक पुढचं गृहीत धरतात. तेवढ्यावरून कुणाचा वंश ठरवू नये.

गोंधळ वाढला तो 2011 च्या ‘शेरलॉक होम्स: अ गेम ऑफ शॅडोज’मुळे. त्यात तिने सिम्झा या रोमा ज्योतिषिणीची भूमिका केली. भूमिका आणि घराणं यांची सरमिसळ तिथून सुरू झाली. आणि ‘जिप्सी’ऐवजी ‘रोमा’ म्हणणं बरं. त्या समाजातल्या अनेकांना पहिला शब्द टोचतो.

4. ‘रापास’ हे आडनाव वडिलांचं की नवऱ्याचं?

दोघांचंही नाही. जन्मनाव नूमी नूरेन, म्हणजे आईचं आडनाव. 2001 मध्ये अभिनेता ओला नोरेल याच्याशी लग्न झालं, तेव्हा दोघांनी मिळून हे नवं आडनाव घेतलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शिकारी पक्षी. 2011 मध्ये घटस्फोट झाला, आडनाव दोघांनीही ठेवलं.

यातूनच निघणारा दुसरा प्रश्न: ‘स्कायफॉल’च्या सुरुवातीला इस्तंबूलमध्ये रेल्वेच्या टपावर बाँडशी झुंजणारा ओला रापास तिचा भाऊ का? नाही, तो हाच, तिचा पूर्वीचा नवरा. दोघांनी एकत्र केलेला एक फार चांगला चित्रपट आहे, तो प्रश्न 10 मध्ये.

5. आइसलँडशी तिचा काय संबंध?

पाच वर्षांची असताना आई आणि सावत्र वडिलांबरोबर ती आइसलँडला गेली आणि तीनेक वर्षं फ्लूदिर या गावात राहिली. आइसलँडिक भाषा तिथेच आली. सातव्या वर्षी ‘इन द शॅडो ऑफ द रेव्हन’ या हरप्न गुन्लॉइग्सॉन यांच्या चित्रपटात तिला छोटं काम मिळालं. चित्रपट 1988 मध्ये आला, विषय मध्ययुगीन आइसलँडचा. तिला एकही संवाद नव्हता, पण आपण अभिनयच करायचा हे तिथे ठरलं असं ती सांगते.

पुढे या देशाने तिला दोनदा परत बोलावलं. ‘प्रोमिथियस’चं काही चित्रण आइसलँडमध्ये झालं, सुरुवातीचा तो प्रचंड धबधबा म्हणजे तिथला देत्तीफॉस. आणि मग ‘लॅम्ब’, ज्याबद्दल प्रश्न 13 मध्ये सविस्तर आहे.

6. अभिनयाचं शिक्षण कुठे झालं? लिस्बेथ ही पहिलीच भूमिका होती का?

मुळीच नाही. लिस्बेथच्या आधी तिच्या गाठीला दहा-बारा वर्षांचं काम होतं. पंधराव्या वर्षी घर सोडून ती नाट्यशिक्षणासाठी स्टॉकहोमला आली. 1996 मध्ये ‘त्रे क्रूनोर’ या स्वीडिश टीव्ही मालिकेत लुसिंडा गोन्झालेस ही भूमिका मिळाली. आडनाव बघा: स्वीडिश घरात वाढलेल्या, स्वीडिश बोलणाऱ्या मुलीला पहिली ठळक भूमिका मिळते ती परक्या आडनावाची. 1998-99 मध्ये स्कारा इथल्या नाट्यशाळेत ती शिकली. पुढे ओरियन, गलेआसेन, स्टॉकहोमचं नगर नाट्यगृह आणि द्रामातेन हे राष्ट्रीय नाट्यगृह अशा रंगमंचांवर तिने कामं केली.

सिनेमात तिची खरी ताकद दिसली ती 2007 च्या ‘डेझी डायमंड’ या डॅनिश चित्रपटात. अभिनेत्री व्हायचं म्हणून कोपनहेगनला आलेली स्वीडिश मुलगी, कडेवर तान्हं मूल, आणि दारोदार ऑडिशन. बघवत नाही इतका कठोर चित्रपट आहे. त्यासाठी तिला डेन्मार्कचे बोडिल आणि रॉबर्ट हे दोन्ही प्रमुख पुरस्कार मिळाले. त्यामुळे 2009 मध्ये ती ‘एका रात्रीत’ चमकली असं जे लिहिलं जातं, ते चूक आहे.

7. लिस्बेथसाठी तिने खरंच कान-नाक टोचून घेतले होते का?

हो. सात महिने तयारी केली, त्यात किकबॉक्सिंग आलं, मोटरसायकलचा परवाना आला आणि टोचून घेणंही आलं. खोटे दागिने चिकटवून काम भागलं असतं, पण तिला ते पटलं नाही. ड्रॅगनचं गोंदण मात्र चित्रीकरणापुरतंच होतं.

मला त्या भूमिकेत या बाहेरच्या गोष्टींपेक्षा तिचा आवाज जास्त जाणवतो. लिस्बेथ फार कमी बोलते. समोरच्याने प्रश्न विचारला की नूमी उत्तर देण्याआधी किंचित थांबते, जणू या माणसाला उत्तर द्यायचं की नाही हे आधी ठरवते आहे. पत्रकार नायकाचं काम करणाऱ्या मिकाएल नीक्विस्तबरोबरच्या दृश्यांत हे मुद्दाम पाहा. तो मोकळेपणाने बोलत राहतो आणि ती दाराच्या जवळची जागा सोडत नाही. मोठ्या अत्याचारातून गेलेली व्यक्ती घरातल्या साध्या संभाषणातही कशी सावध असते, हे तिने एकही भाषण न देता दाखवलं.

‘ड्रॅगन टॅटू’ आणि त्याचे पुढचे दोन, अशा तिन्ही भागांचं काम संपलं त्या दिवशी बाकीची मंडळी शॅम्पेन उघडत होती आणि ती उलट्या करत होती, असं तिने नंतर सांगितलं आहे. शरीराने ती बाई बाहेर टाकली, असा तिचा अनुभव.

8. ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ नावाचे दोन चित्रपट दिसतात. कुठला पाहू?

नूमीचा हवा असेल तर 2009 चा स्वीडिश पाहा. दिग्दर्शक निल्स आर्डेन ओप्लेव. मूळ नावाचा अर्थ ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’, आणि स्टीग लार्सन यांच्या कादंबरीचंही तेच नाव आहे. 2011 चा डेव्हिड फिंचर यांचा इंग्रजी चित्रपट वेगळा, त्यात लिस्बेथ रूनी मारा हिने केली. तोही उत्तम आहे, पण त्यातली लिस्बेथ जास्त नाजूक वाटते. नूमीची लिस्बेथ दुखावली की आधी हिशोब मांडते.

इथे एक बारकावा. स्वीडिश मालिकेचे दुसरा आणि तिसरा भाग डॅनियल आल्फ्रेडसन यांनी दिग्दर्शित केले. ते मुळात टीव्हीसाठी होते, पहिल्या भागाचं यश पाहून चित्रपटगृहांत आणले. म्हणून ते जरा सपाट वाटतात. तिन्ही भागांची वाढवलेली टीव्ही आवृत्तीही आहे, प्रत्येकी सुमारे दीड तासाचे सहा भाग. कादंबऱ्या वाचलेल्यांनी तीच शोधावी, कारण चित्रपटात गाळलेली पात्रं आणि धागे तिथे सापडतात.

आणि एक सूचना, जी मी कधीच गाळत नाही: यात बलात्काराचं दृश्य आहे, लांब आणि थेट. मुलांबरोबर पाहायचा चित्रपट नाही. ज्यांना अशा दृश्यांचा त्रास होतो त्यांनी आधी कुणाला तरी विचारून घ्यावं.

9. इंग्रजी आवृत्तीत तिलाच का घेतलं नाही?

घेतलं नाही असं म्हणण्यापेक्षा, तिचाच दरवाजा बंद होता. आपण लिस्बेथपाशी थांबलो, पुन्हा करणार नाही, हे तिने त्या वेळच्या मुलाखतींत स्पष्ट सांगितलं होतं. दीड वर्ष त्या पात्रात घालवून तीच दृश्यं दुसऱ्या भाषेत करण्यात तिला रस नव्हता. हा निर्णय बरोबर होता. तो घेतला नसता तर ती आयुष्यभर काळ्या जॅकेटात अडकली असती.

10. तिचा सर्वांत दुर्लक्षित चित्रपट कुठला?

‘स्विनालेंगोर्ना’, इंग्रजीत ‘बियाँड’, 2010. मी तर म्हणेन, तिचं काम समजून घ्यायचं असेल तर सुरुवात इथून करा.

अभिनेत्री पर्निला आउगुस्त यांचं हे पहिलं पूर्ण लांबीचं दिग्दर्शन. कथा सुसाना अलाकोस्की यांच्या कादंबरीवर बेतलेली. नूमीने लेना ही बाई केली आहे. लेनाचे आईवडील फिनलंडहून स्वीडनच्या दक्षिणेला, यूस्ताद गावात कामासाठी आलेले. 1960-70 च्या दशकांत फिनलंडमधून लाखो माणसं स्वीडनच्या कारखान्यांत आली. दिसायला स्वीडिश लोकांसारखीच, पण भाषेवरून ओळखली जायची आणि हिणवली जायची. लेनाचं बालपण दारू, मारझोड आणि लाज यांत गेलंय. आता तिचा स्वतःचा नीटनेटका संसार आहे, नवरा आहे (ओला रापासच), दोन मुली आहेत. आणि एका सकाळी इस्पितळातून फोन येतो: आई मरणाच्या दारात आहे.

या चित्रपटात नूमीला ओरडायला फार वाव नाही. ती लहानपणच्या घरात शिरते आणि साफसफाई करत सुटते. घासत राहते. ते घासणं म्हणजेच तिचा संवाद. लहानपणीची लेना तेहिला ब्लाद हिने केली आहे, आणि तीच मुलगी ‘मिलेनियम’ मालिकेत, म्हणजे ‘ड्रॅगन टॅटू’च्या त्या तीन भागांत, लहानपणची लिस्बेथ होती. दोन चित्रपट जवळजवळ पाहिले तर हा धागा फार अंगावर येतो.

स्वीडन म्हणजे स्वच्छ रस्ते आणि समंजस माणसं एवढंच चित्र डोक्यात असेल, तर हा चित्रपट ते बदलतो. नूमीच्या मिश्र वारशाबद्दल विचारणाऱ्यांना मी नेहमी हाच सुचवतो. यात स्पेन कुठेच नाही, पण आपल्याच देशात थोडं परकं असणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला कळलं असतं?

11. ‘प्रोमिथियस’नंतरच्या भागात ती का दिसत नाही?

(पुढे कथा उघड होते, चित्रपट पाहिला नसेल तर हे उत्तर सोडा.) 2012 च्या ‘प्रोमिथियस’मध्ये तिने एलिझाबेथ शॉ ही पुरातत्त्व संशोधक केली. 2017 च्या ‘एलियन: कव्हेनंट’मध्ये शॉ आधीच मेलेली आहे. मधला दुवा जोडणारी एक छोटी चित्रफीत इंटरनेटवर आली होती, तिचं नाव ‘द क्रॉसिंग’. त्यात नूमी आहे. मुख्य चित्रपटात मात्र उल्लेख आणि अवशेष तेवढे.

ज्या दृश्याबद्दल सगळे विचारतात ते शस्त्रक्रियेचं. शॉच्या पोटात काहीतरी वाढतंय, ते काढायला ती यंत्रात शिरते, आणि यंत्र सांगतं की ते फक्त पुरुष रुग्णांसाठी जुळवलेलं आहे. मग ती परकी वस्तू काढण्याचा वेगळा आदेश देऊन स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेते, जागेपणी. भयपट म्हणून हे दृश्य गाजलं, पण ‘फक्त पुरुषांसाठी’ या एका ओळीवर तिच्या चेहऱ्यावर जो संताप येतो, तो भीतीपेक्षा खरा आहे.

12. एका चित्रपटात तिने सात भूमिका केल्या म्हणे?

हो, 2017 चा ‘व्हॉट हॅपन्ड टु मंडे’, दिग्दर्शक टॉमी विर्कोला. एका घरात एकच मूल असा कायदा असलेलं भविष्य, आणि त्यात लपवून वाढवलेल्या सात जुळ्या बहिणी. आठवड्याच्या वारांवरून नावं. जिचा वार तिने बाहेर जायचं, बाहेर सगळ्या मिळून एकच व्यक्ती. आपल्याकडे दुहेरी भूमिकांची मोठी परंपरा आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला यात चटकन रस वाटतो.

सातजणी एका टेबलाभोवती बसलेल्या असतात तेव्हा तिला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या खुर्चीवरून करावा लागला. समोर बदली कलाकार. पटकथा उत्तरार्धात मारामाऱ्यांकडे वळते आणि तिथे चित्रपट पातळ होतो. पहिला अर्धा तास मात्र अवश्य पाहा.

13. ‘लॅम्ब’मध्ये मेंढ्यांची बाळंतपणं खरी आहेत का?

खरी आहेत. आइसलँडमधल्या एकाकी शेतावरचं मूल नसलेलं जोडपं, असा 2021 चा हा चित्रपट. दिग्दर्शक वाल्दिमार योहान्सॉन. चित्रीकरण मेंढ्या विण्याच्या हंगामात सुरू झालं. मेंढी अडली आहे, नूमी हात घालून कोकरू ओढून बाहेर काढते, त्याच्या तोंडावरचा चिकटा पुसते, ते श्वास घेतं. हे सगळं कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडलं आहे. मेंढपाळाघरचा कुणीही पाहील तर त्याला कळेल की ते हात घाबरलेले नाहीत.

चित्रपटात ती आइसलँडिक बोलते. लहानपणी फ्लूदिरला ऐकलेली भाषा तीस वर्षांनी मुख्य भूमिकेत वापरायला मिळणं, हे किती कलावंतांच्या नशिबी येतं? कान महोत्सवात ‘अन सर्तेन रिगार’ विभागात चित्रपटाला मौलिकतेसाठी पुरस्कार मिळाला. शेवट विचित्र आहे, तो पटला नाही असं लिहिणारे खूप भेटतात. मला पटला. दुसऱ्याचं मूल उचलून आणून त्यावर घर उभं केलं, तर हिशोब कधीतरी चुकता करावाच लागतो.

14. तिला किती भाषा येतात?

स्वीडिश मातृभाषा. आइसलँडिक लहानपणापासून (प्रश्न 5). डॅनिश आणि नॉर्वेजियन चित्रपटांत तिने कामं केली आहेत. इंग्रजीवर तिने मोठेपणी, ‘ड्रॅगन टॅटू’नंतर, नेटाने मेहनत घेतली, आणि ‘शेरलॉक होम्स’पासून इंग्रजीत सातत्याने काम केलं. 2022 च्या ‘यू वोन्ट बी अलोन’ची भाषा मॅसेडोनियन. त्यात ती एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यातली बाई आहे, जिच्या शरीरात एक चेटकीण शिरते.

15. मदर तेरेसांची भूमिका एका स्वीडिश अभिनेत्रीने का करावी?

हा प्रश्न भारतातून सर्वाधिक येतो, आणि रास्त आहे. चित्रपटाचं नाव ‘मदर’, दिग्दर्शक तेओना स्ट्रुगार मितेव्स्का. 2025 च्या व्हेनिस महोत्सवात ओरिझोन्ती विभागाची सुरुवात या चित्रपटाने झाली. ऑगस्ट 1948 मधले सात दिवस, जागा कोलकाता. तेरेसा अजून लोरेटो कॉन्व्हेंटमध्ये आहेत आणि तिथून बाहेर पडून स्वतःचा संघ काढण्याची परवानगी येण्याची वाट पाहताहेत. मिशनरीज ऑफ चॅरिटीची स्थापना 1950 मधली, म्हणजे ही त्याआधीची गोष्ट.

तेरेसांचा जन्म स्कोप्येचा, कुटुंब अल्बेनियन. दिग्दर्शिका स्कोप्येच्याच. त्यामुळे संतपदाच्या प्रभावळीआधीची, हट्टी, महत्त्वाकांक्षी, शंकांनी ग्रासलेली सदतीस वर्षांची बाई दाखवण्याचा हेतू आहे. अशा बाईसाठी नूमीची निवड मला योग्य वाटते, कारण प्रेमळ दिसण्याची तिला घाई नसते. मात्र कोलकात्याची माणसं अशा चित्रपटांत पार्श्वभूमीला ढकलली जातात ही भारतीय प्रेक्षकाची जुनी तक्रार आहे, आणि या चित्रपटालाही त्याच कसोटीवर तपासावं.

16. तिला ऑस्कर मिळालं आहे का?

नाही, नामांकनही नाही. ‘ड्रॅगन टॅटू’साठी स्वीडनचा गुलबागे पुरस्कार मिळाला आणि ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्काराचं मुख्य अभिनेत्रीचं नामांकन.  2011 मध्ये ‘बेबीकॉल’ या नॉर्वेजियन चित्रपटासाठी रोम महोत्सवात ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. डॅनिश पुरस्कारांबद्दल प्रश्न 6 पाहा.

17. मला मारधाड आणि रक्तपात आवडत नाही. तिचं काही पाहण्यासारखं आहे?

2014 चा ‘द ड्रॉप’ पाहा, टॉम हार्डीबरोबरचा. थोडी हिंसा आहे, पण तो मुळात दोन एकाकी माणसांचा आणि कचऱ्याच्या डब्यात सापडलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा चित्रपट आहे. जेम्स गँडोल्फिनी यांची ही शेवटची भूमिका. मालिका हवी असेल तर 2024 ची ‘कॉन्स्टलेशन’: अंतराळ स्थानकावरच्या अपघातातून परत आलेली आई, आणि घरी आल्यावर आपलीच मुलगी आपली वाटत नाही. एकच पर्व झालं, पुढे मालिका बंद पडली, त्यामुळे काही गाठी सुटत नाहीत. तरीही आई-मुलीच्या दृश्यांसाठी पाहा, आणि शक्यतो मूळ आवाजात, उपशीर्षकं लावून.